मस्टरवरची सही

अहमदपूरच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत बसलेल्या भुजंगरावांनी पेपर डोळ्यांपुढं धरला होता, पण कान होते मागच्या बाकड्यावरच्या दोघींकडं.

"धुरपता, खरंच सुटलीस का गं त्या कर्जातून?"

"हाव की, कोंडाक्का! हे बघ, नव्या लातूर जिल्ह्याचा शिक्का. कर्ज हिचं न्हाई, असं साहेबानं लिहून दिलंय."

"पर कागदावर तुझंच नाव हुतं की."

"नाव माझं, अंगठा आमच्या मालकांचा! बायको अडाणी, कोण इचारतंय? माझ्या नावावर कर्ज उचललं अन् फटफटी आणली."

"मग साहेबाला कसं पटलं?"

"दुष्काळी कामावरचं मस्टर दावलं. दोन वर्सं मी तिथं खडी फोडून राहिले, दर हप्त्याला सही करून पगार घेतला. मुकादमाच्या बायकोनं शिकवली सही."

"अन् मालकांना ठावंच नव्हतं?"

"कामावर कधी फिरकले असते, तर ठावं झालं असतं!"

"आता काय करून राहिलेत?"

"फटफटी इकली. राहिलेलं कर्ज फेडाया माझ्याच शेजारी बसून खडी फोडून राहिलेत."

"मस्टरवर सही करतेत?"

"सही तर लई झोकात येती, सातवी शिकलेत. पर मी मुकादमाला सांगून ठिवलंय, ह्यांना अंगठ्याची भारी हौस हाय, ह्यांचा अंगठाच घ्या."

लातूरची गाडी लागली, भरली अन् निघूनही गेली. भुजंगराव पेपराआड तोंड खुपसून तसेच बसले होते.

"अन् लावतेत?"

"दर शनवारी. माझ्या सहीच्या खाली."