नुसतं बघायची सहल

तुम्हा लोकांना नुसतं बघता येत नाही. कोणाला म्हणतोय म्हणून असं इकडंतिकडं पाहू नका, मी नाव घेत नाही, ज्याला लागायचं त्याला लागेल... पण खरं सांगा, एखाद्या गोष्टीपुढं जाऊन काही मागायचं नाही, काही वाहायचं नाही, आपलं तोंड मध्ये घालून फोटो काढायचा नाही, फक्त उभं राहून बघायचं, असं शेवटचं कधी केलं होतं? आठवत नाही ना? मग ऐका, कारण मी तेच करायला माणसं घेऊन गेल्तो, आणि काय करून आलो ते मला अजून नीट कळलेलं नाही.

आमचं गाव टेंभुर्णी. मी कल्याण, इतिहासात एम. ए., आणि हे ऐकल्यावर लोक "मंग आता पुढं काय?" विचारतात तसं तुम्ही विचारू नका, तो प्रश्न आमच्या वडलांनी विचारून विचारून पार झिजवून टाकलाय. वडलांचं म्हणणं, जालन्यात काकाचं बियाण्याचं दुकान आहे, तिथं बस. माझं म्हणणं, लोक धुकं बघायला पार महाबळेश्वर गाठतात, आणि आपल्या उशाशी अजिंठ्याचे डोंगर आहेत त्यांच्याकडं कोणी मान वळवून बघत नाही, तर मी दाखवीन, मी गाईड होईन. वडील म्हणाले, "गाईड म्हंजे ते परीक्षेत घेतेत ते?"... आता काय बोलायचं? शेवटी ठरलं असं, की एक सहल काढायची. परत येईपर्यंत लोक आपल्या तोंडानं "पुन्हा येऊ" म्हणाले तर मी गाईड, नाहीतर सोमवारपासून दुकान, आणि मग तोंड उघडायचं नाही. साक्षीदार म्हणून वडलांनी आपले दोस्त सोमेश्वरअण्णा गाडीत बसवले. अण्णा म्हणजे असा माणूस, की ज्याला खुर्चीतून उठायचं तरी कारण द्यावं लागतं.

जाहिरात लावली, 'ऐतिहासिक आणि निसर्गरम्य एक दिवस'. कोणी विचारेना. मग भजनी मंडळाच्या चांगुणामावशी आल्या, म्हणाल्या, "कल्याण, तुझ्या सहलीत देव किती हायेत रे?"

म्हणलं, मावशी, ही देवांची सहल नाही. इतिहास आहे, डोंगर आहे.

मावशींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्यांच्या ताटात अळणी भाजी वाढली. "मंग तिथं जाऊन करायचं काय?"

म्हणलं, नुसतं बघायचं.

"नुसतं?"

नुसतं.

तरी मावशी आल्या, अख्खं मंडळ घेऊन आल्या, आणि सोबत नारळांची पिशवी आणली. म्हणलं, ही कशाला? म्हणाल्या, "असू दे जवळ. कुठं कोण भेटंल सांगता येतंय का?"

इस्माईलचाचांची क्रूझर उजाडता उजाडता निघाली. पहिलं ठिकाण अन्व्याचं जुनं देऊळ. तुम्ही पाहिलंय? नसेल पाहिलं, तुमचा काय दोष, पण बाहेरच्या भिंतीवर अशा मूर्ती आहेत, की माणूस एकीपाशी थांबला तर दुसरीपाशी पोचेपर्यंत त्याला दुपार व्हावी. मी घसा साफ केला, वळलो, "मंडळी, ही नक्षी नुसती बघा"... मागं कोणी नाही. सगळे दर्शन घेऊन गाडीत. अण्णा तर पुढच्या सीटवर डोळे मिटून. म्हणलं, अण्णा, त्या मूर्ती बघायच्या राहिल्या. अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "बघितल्या की. दगडाच्या हायेत."

आणि मला काकाचं दुकान दिसलं. कपाशीच्या बियाण्याच्या थप्प्या आणि मधे मी.

मग घाट चढलो. इथं मला जरा हळू बोलू द्या, तो माळ घाईत सांगण्यासारखा नाही. गाडी थांबली, इंजिन बंद झालं, आधी काहीच ऐकू येईना, मग वारा ऐकू आला, मग वाऱ्याच्या आतून गवत. पाऊस नुकता उघडलेला, गवत गुडघ्याच्या वर, आणि ते असं हलत होतं, की सगळा माळ झोपलाय आणि झोपेत कूस बदलतोय. खाली आपला मुलूख... मक्याचे हिरवे तुकडे, पिवळं पडत चाललेलं सोयाबीन, मधे पाण्याची एक रेघ, आणि त्या सगळ्यावरून ढगांच्या सावल्या एकेका गावावरून पुढं चालल्या होत्या, कोणाला न उठवता. वाटलं, ह्या माळावर आपण आत्ता आलेलोच नाही, फार आधीपासून इथंच उभे आहोत, मधल्या परीक्षा, नोकरीचे अर्ज, वडलांचं बोलणं, हे सगळं दुसऱ्याच कोणाचं तरी आहे.

माझ्या मोज्यात कुसळं घुसली होती, म्हणून मी बूट काढले आणि गाडीपाशी ठेवले. कुसळांमुळं काढले, हे लक्षात ठेवा. अनवाणी निघालो. ओलं गवत पायाला लागत होतं आणि मागं वळून बघायचं मला भान नव्हतं.

माळाच्या टोकाला एक वीरगळ आहे. वीरगळ म्हणजे लढून मेलेल्या माणसाच्या आठवणीला उभा केलेला दगड. खाली त्याची लढाई, त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, अगदी वर महादेवापुढं हात जोडून बसलेला तो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर त्याची आठवण राहावी. कोरड्या दगडावर ह्यातलं धड काही दिसत नाही. म्हणून मी बाटलीतलं पाणी वरून हळूच ओतलं, ओलं झालं की कोरीव काम उठून येतं. मग पाठीमागं काही अक्षरं आहेत का बघायला दगडाभोवती एक चक्कर मारली. मग खालचा भाग गवतात बुडाला होता म्हणून गुडघे टेकले आणि डोकं जमिनीला लावून आत बघितलं... आणि दिसला तो. एका हातात ढाल, मागं गाई. म्हणलं, मंडळी, कोणाची तरी गुरं पळवून नेत होते आणि हा एकटा आडवा आला. त्या दिवशीही गवत असंच हलत असेल. ढगही असेच गेले असतील ह्याच्यावरून. बोलता बोलता माझे डोळे मिटले, आवाज भरून आला, आणि मागं इतकी शांतता, इतकी शांतता... म्हणलं, कल्याण, जिंकलास. ऐकतायत.

वळून बघितलं तर अख्खं मंडळ हात जोडून उभं. अनवाणी.

मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "कल्याण, ह्यांचं नाव काय?"

म्हणलं, नाव कोणालाच माहीत नाही, मावशी.

मावशी मागं वळून बायांना म्हणाल्या, "नाव घेत नसतेत गं ह्यांचं."

मी उठून उभा राहिलो. म्हणलं, ऐका, हा देव नाही, माणूस होता, तुमच्या-माझ्यासारखा. मावशी म्हणाल्या, "आधी समदे माणसंच असतेत, बाबा." आणि कुंकवाची पुडी उघडली. म्हणलं, कुंकू लावू नका, दगड खराब होतो. "कुंकू चालत न्हाई ह्यांना." नारळ निघाला. म्हणलं, इथं काही फोडायचं नाही. "नारळ बी न्हाई." एकीनं पाया पडायला हात पुढं केला, मी ओरडलोच, हात लावू नका. तिनं हात असा मागं घेतला, जसा चटका बसला. "कडक हाय," सगळ्या एकदम म्हणाल्या. सांगा आता, मी काय चुकीचं बोललो? जुन्या दगडापाशी वागायचे साधे नियम सांगत होतो, आणि एकेक नियम देवाचा होत चालला होता.

"मंग ह्यांना चालतंय तरी काय?" मावशींनी विचारलं.

मी रडकुंडीला आलो होतो. म्हणलं, काही नाही. नुसतं बघा.

मावशी पुढं झाल्या, आपल्या बाटलीतलं पाणी दगडावर ओतलं आणि सगळ्यांना दटावलं, "नुसतं बघा गं. मागायचं काई न्हाई. ह्यांचं असंच असतंय."

आणि मग काय सांगू... एकेक बाटली रिकामी होत गेली, ऊन तिरपं झालेलं, आणि तो दगड ओला, काळाभोर, असा चकाकला, की माझ्या कुठल्याच फोटोत तो कधी तसा आलेला नाही. ढालीवरची फुलं दिसली. अप्सरांच्या बोटांची पेरं दिसली. "गाय बघा," कोणीतरी कुजबुजलं, "मागं वळून बघायलीय त्याच्याकडं." सगळे वाकले. कोणी फोन काढला नाही. गवत हलत होतं, एक ढग आमच्यावर आला, थांबला, गेला.

इतक्यात, गाडीपर्यंत पोचलेली बातमी ऐकून, मागून धापा टाकत सोमेश्वरअण्णा आले. चढून. स्वतःहून. "गुरं वाचवतो म्हनतेत ह्यो," ते म्हणाले. अण्णांची म्हैस आजारी होती. त्यांनी आपल्या बाटलीतलं उरलंसुरलं पाणी ओतलं, बराच वेळ बघत राहिले, आणि मग माझ्याकडं वळून म्हणाले, "लेका, पुन्हा कवा आणणार?"

पुन्हा. ज्या शब्दासाठी मी जीव टाकत होतो तो शब्द. फक्त एवढंच म्हणायचं होतं, अण्णा, म्हैस डॉक्टरला दाखवा, हा देव नाही. बस. तोंड उघडलं. आणि मला बियाण्याच्या थप्प्या दिसल्या.

"अमावस्येला," मावशींनी परस्पर सांगून टाकलं.

आणि मी... मी म्हणलं, गाडी पहाटे निघेल. म्हैस मात्र डॉक्टरला दाखवा, अण्णा. अण्णांनी मान डोलावली, "त्ये बी सांगतेत का हे?"

उतरताना मी सगळ्यांच्या मागं होतो. गाडीपाशी चपलांची ही लांब रांग, माझे बूट सगळ्यात पुढं, आणि रांगेच्या कडेला दगडावर बसलेले इस्माईलचाचा. दिवसभरात हा एकच माणूस असा, की ज्यानं काही ओतलं नव्हतं, काही मागितलं नव्हतं. मला भरून आलं. त्यांच्या शेजारी बसलो, म्हणलं, चाचा, तुम्ही तरी नुसतं बघितलंत ना?

"बिलकुल," चाचा म्हणाले, "जागचा हाललो न्हाई, बेटा. समद्यांच्या चपला मीच बघत होतो."