उपांत्य सामन्याआधी कोच स्टोव्हर यांना निरोप

अध्यक्षस्थानी असलेले आमच्या कॉलेजचे प्राचार्य डॉ. टिबेट्स, आजचे सत्कारमूर्ती कोच रँडल स्टोव्हर, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी नोरीनबाई आणि माझ्या गावकऱ्यांनो,

पालक मंडळाची अध्यक्ष म्हणून दोन शब्द बोलायचा मान मला मिळाला. "लोरेटा, तू नको बोलूस," असं दोघातिघांनी सुचवून पाहिलं. त्यांचंही बरोबर असेल. पण जाणाऱ्या कोचला चर्चच्या हॉलमध्ये जेवू घालून निरोप द्यायचा ही आपली रीत, आणि रीत माणूस बघून पाळायची नसते.

कोचचं कौतुक करावं तेवढं थोडं. नेब्रास्काच्या या कोपऱ्यातलं आपलं एवढंसं कॉलेज फुटबॉलमधल्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या शेवटच्या चार संघांत येईल, असं कुणाला वाटलं होतं? त्यांना वाटलं होतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात बसून ते म्हणाले, "मॅडम, क्लेटनला माझ्या हवाली करा. आजपासून तो माझा पोरगा. तो पदवी घेईल तेव्हा मी टाळ्या वाजवायला हजर असेन." बटाटे दोनदा मागून घेतले होते त्यांनी. मोठ्या कॉलेजांची माणसंही येऊन गेली होती, पण मी यांचा शब्द खरा मानला. इथल्या किती आयांनी मानला? राहू दे, सांगू नका.

गेल्या शनिवारी पोरांनी सामना जिंकला. मध्यंतरात माझ्या क्लेटनला खांदा हलवता येत नव्हता. कोच म्हणाले, "माझ्यासाठी अजून थोडं खेळ, बाळा." तो खेळला. आणि रविवारी आम्हाला टीव्हीवरून कळलं, की कोच ओहायोच्या एका मोठ्या कॉलेजात चाललेत.

मोठी नोकरी कुणाला नको? त्याचा मला राग नाही. म्हणजे आहे, पण तो गिळला असता. सोमवारी त्यांनी आपल्याच तीन पोरांना फोन केले, "माझ्याबरोबर चला" म्हणून. नियमात बसतं म्हणे. पण या शनिवारचा उपांत्य सामना तोंडावर असताना?

क्लेटनला फोन आला नाही. निखळलेल्या खांद्याचा पोरगा तिकडे काय कामाचा? तो दिवसभर फोन उशाशी ठेवून पडला होता, कोच. मी दारातून बघत होते. तुम्ही आम्हाला फसवलंत. हे गोड करून सांगायला मला जमत नाही.

तरीही "या सामन्याला मीच कोच असणार, चषक उचलून मग जाईन," असं तुम्ही ठरवलंत, आणि प्राचार्यसाहेबांनी मान डोलावली. पोरांना कुणी विचारलं नाही. म्हणून काल त्यांनीच एकमेकांना विचारलं, या सामन्याला कोच कोण हवा. तुम्ही फोन केलेत ती तिघंही त्यात होती. एकानेही तुमचं नाव घेतलं नाही.

मघापासून तुम्ही मला विचारताय, "पोरं कुठे राहिली?" बस उद्या सकाळी निघायची होती. आपण इथे प्रार्थनेला मान खाली घातली, तेव्हाच ती पोरांना घेऊन निघाली. तुमचे सहायक बड हॅगर्टी पुढे बसलेत. क्लेटन त्यांच्या मागे आहे, हात गळ्यात बांधून. तो खेळणार नाही, पण गेलाय.

स्वयंपाक केलेल्या सगळ्या बायकांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि कोच, तुम्ही उठू नका, निवांत जेवा. शनिवारी तुम्हाला कुठे जायचं नाही.