चुकीचे चाळीस नग

नाही, पण मला सांगा, दुधाच्या पावडरीचा आणि अणुबॉम्बचा संबंध काय? काही नाही ना? महिन्याभरापूर्वी मलाही तसंच वाटायचं, आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा मला झोपही चांगली लागायची.

आमचा कारखाना गेजचा. गेज म्हणजे काय, तर गोल डबी, काच, आत काटा, आणि यंत्रात हवेचा दाब किती तो हा काटा दाखवतो. बस. कारखाना माझ्या मोठ्या मेव्हण्यांचा, मी कागदपत्रं बघतो. आता कागदपत्रंच का बघतो, ते पुढे येईल, घाई नको. तर परदेशातल्या एका दूध पावडरवाल्याची ऑर्डर आली, चाळीस गेज, तीन आठवड्यांत हवेत. वर्षातली एकच मोठी ऑर्डर. ही गेली तर शटर खाली आणि आम्ही अकरा जण घरी... बायको म्हणाली, ''दादाला म्हणावं, नीट करा.'' नीट करा! तिथंच तर माती खाल्ली.

कारण आमच्याकडे गेजचे काटे लावायला बसतो तंतोतंत. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवायला वेळ लागेल, सगळे तंतोतंतच म्हणतात. एकतीस वर्षं त्याच टेबलावर, त्याच स्टुलावर. गिऱ्हाइकाने सांगितलं होतं, काटा दोन टक्के चुकला तरी चालेल, दूधच तर आहे. याने चूक आणली पाव टक्क्यावर. का रे बाबा? तर म्हणे, ''हात तिथं जाऊन थांबला, मी काय करू?'' आणि मी शहाणा, माल परदेशी धाडायचा म्हणून परवाना कचेरीच्या फॉर्मवर अभिमानाने लिहिलं, चूक फक्त पाव टक्का. वर त्याच्याखाली लाल शाईने रेघ ओढली, नजरेतून सुटायला नको म्हणून.

नाही सुटलं. कचेरीतल्या मॅडम, शांत बाई, आवाज असा की ऑपरेशनच्या आधी डॉक्टर बोलतात ना, तसा. ''बसा,'' म्हणाल्या. ''हे कोण घेणार, कशाला घेणार, आणि पुढे कुणाला देणार?''

मी म्हटलं, मॅडम, दूध.

''एक टक्क्याच्या आतला गेज आहे हा. दुधाला चालतो, तसाच बॉम्बसाठी युरेनियम तयार करणाऱ्या यंत्रांनाही चालतो. मागे एका कंपनीने असाच माल अन्नप्रक्रियेसाठी म्हणून पाठवला. मधल्या व्यापाऱ्याने तो उचलून भलतीकडे दिला. आज ती कंपनी बंदीच्या यादीत आहे. बँक दारात उभं करत नाही, कुणी त्यांना साधा स्क्रू विकत नाही.''

आमचं अख्खं दुकान दोन गाळ्यांचं, आणि आम्ही जगबुडी आणणार? परवान्याला किती दिवस? सहा महिने. दूधवाला थांबणार किती? तीन आठवडे, त्यातला एक गेलेला.

मग बाईंनीच वाट दाखवली. ''गिऱ्हाइकाने दोन टक्के मागितलेत ना? मग तेवढंच द्या. त्याला परवाना लागत नाही. फक्त कोण घेणार, कशाला घेणार, पुढे कुणाला देणार, एवढं लेखी आणा.''

ते लेखी आणता आणता माझं डोकं फिरलं हो. शेजारचे काका शिडी मागायला आले, माझ्या तोंडून निघालंच, ''कोण घेणार, कशाला घेणार, पुढे कुणाला देणार?'' काकांनी शिडी भिंतीला परत टेकवली आणि निघून गेले. अजून बोलत नाहीत.

पण खरी पंचाईत कारखान्यात. तंतोतंतला सांगायचं कुणी? मी सांगितलं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. ''म्हणजे, मी मुद्दाम चूक करू?'' थोडीशी, म्हटलं, दीड टक्का. ''एकतीस वर्षं नीट केलं, तोच गुन्हा झाला का, साहेब?'' मला साहेब म्हणाला तो, एरवी नुसतं अहो म्हणतो. वाईट वाटलं मला, खरंच सांगतो. पण बसला बिचारा. मान वळवून करून पाहिलं, डाव्या हाताने करून पाहिलं, चार दिवस खपला आणि चूक नेली कुठे, तर अर्ध्या टक्क्यावर. तेवढ्यानेसुद्धा त्याला ताप आला.

राहिले आठ दिवस. दूधवाल्याचा रोज फोन, ''माल कुठेय?'' मेव्हणे येरझारा घालत होते. घालता घालता थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले... अहो, त्या नजरेनं मला घाम फुटला.

कारण बावीस वर्षांपूर्वी, लग्न झालं तेव्हा, मला आधी त्याच टेबलावर बसवलं होतं. आठ महिने. माझा एक गेज एका लाँड्रीवाल्याने परत आणून दिला होता, म्हणाला, ''याचा काटा सारखा नाही नाही म्हणतो.'' मग मेव्हण्यांनी मला उठवून कागदपत्रांवर टाकलं, आणि तेव्हापासून घरच्या प्रत्येक कार्याला हा किस्सा पानात मिठासारखा वाढला जातो.

''जावईबापू,'' मेव्हणे म्हणाले, ''बसा.''

बसलो. जीव ओतून केले हो, अगदी शपथेवर सांगतो, जितके चांगले जमतील तितके. चाळीस गेज, सहा दिवस. मॅडमनी तपासायला माणूस पाठवला. सगळे दोन टक्क्यांच्या आत, सगळे एकाच्या बाहेर. त्याने एकेक काटा पाहिला, मग मला पाहिलं, आणि शेरा लिहिला, ''या मालापासून कोणताही धोका संभवत नाही.'' शिक्क्यासकट. बायकोने शेरा वाचला आणि म्हणाली, ''हे तर मी कधीच सांगितलं असतं.''

माल गेला. दूधवाला खूश, पुढची ऑर्डर ऐंशीची, अकराच्या अकरा जण कामावर. तंतोतंत आता माझ्या शेजारी बसतो, माझं काम बघतो आणि उसासे टाकतो. मी म्हटलं, चला, बावीस वर्षांनी का होईना, या टेबलावर आपली गरज पडली...

तर काल काय झालं, रोज करून करून हात बसला असेल माझा, एक काटा गेला तो थेट पाव टक्क्यावर. तंतोतंतच्या डोळ्यांत पाणी आलं. मी धावत जाऊन मेव्हण्यांना दाखवला. त्यांनी तो पाहिला, खाली ठेवला, आणि हात जोडून म्हणाले, ''जावईबापू, आता या वयात सुधारू नका.''