पाण्याबाबत मतभेद आहेत

—नाही हो बाई, तुमच्यावर राग म्हणून नाही लिहिलं मी — बसा ना, शाळा भरायला वेळ आहे अजून. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात आपल्या गावाचं पान मीच लिहिते. देऊळ आलं, तळी आली, काजू आले, मग शाळा कशी सोडू? आणि शाळा आली की — रात्रभर झोप नाही मला, एका वाक्यापायी. 'शाळेच्या संडासाला पाणी नाही.' टीका करा, पण सूर तटस्थ ठेवा, असा तिथला नियम. म्हणून केलं, 'काही पालकांच्या मते पाणी नाही.' मग वाटलं, दुसरी बाजू? सरपंच महादूभाऊ म्हणाले, टाकी आहे की! म्हणून लिहिलं, 'टाकी आहे; पाण्याबाबत मतभेद आहेत.' सासूबाई म्हणतात, "गो, पाणी नाय म्हणजे नाय. त्येच्यात मत खंयचा?" आता त्यांना समतोल कसा समजावू? टीकेचा वेगळा विभाग करू नये, ती मजकुरात मिसळावी, असाही तिथला नियम — मिसळली. 'शाळा माडांच्या गार सावलीत, पाण्याविना उभी आहे.' हॉटेलची जाहिरात वाटते की नाही? — हसा, हसा.

काढून टाकू म्हणता? तपासणीला साहेब येणार, ते पान बघतील — कळतं हो. काढीनही. माझी अक्षया तुमच्या वर्गात, मी काय भांडणार? — छे, धमकी दिलीत असं कुठे म्हणतेय, तुम्ही तर किती गोड बोलताय! पण ती दिवसभर पाणी पीत नाही, बाई. बाटली भरलेली परत आणते. लघवीला बसली की रडते, मालवणच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे — हे सांगणार नव्हते मी, राहू दे. तसंही पानावर चालत नाही ते. आईचं म्हणणं म्हणजे संदर्भ नाही. बाहेरचं कुणीतरी, माहीतगार, नावानिशी बोललेलं लागतं. तसं कोण बोलणार इथे? — जाऊ दे. पुसते. हा बघा मोबाईल, तुमच्यासमोरच पुसते. आणि तुम्ही उन्हातून आलात, मी बोलतच सुटले — अक्षया, बाईंका पाणी घेवन ये गो —

"नको गो आई! शाळेत जाताना बाई पाणी पिणत नाय. आमका पण तसाच करूक सांगल्यानी."