विमान कोण उडवत होते याबाबत

जबाब, दि. ०९/०२/२०२६

माझे नाव सौ. मंजुषा भारत पगारे, वय ५३ वर्षे, व्यवसाय नोकरी (महापालिका शाळेत प्राथमिक शिक्षिका), रा. जेल रोड, नाशिक रोड.

मी समक्ष हजर राहून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती भारत कोंडाजी पगारे, वय ५८, असे दोघेच राहतो. मला कोणी बोलावलेले नाही. शाळेतून अर्धा दिवस रजा टाकून मी आपण होऊन आले आहे. काल दि. ०८ रोजी माझ्या पतींनी याच पोलीस ठाण्यात जबाब दिला, की खडकमाळ शिवारात ड्रोन आपणच उडवत होतो. त्यात दोन गोष्टी चुकीच्या आहेत. ते ड्रोन नव्हते, विमान होते. आणि ते मी उडवत होते.

माझ्या पतींनी सातपूरच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षे कंट्रोल पॅनलचे वायरिंग केले. त्यांनी जोडलेले पॅनल उघडले की आतल्या वायरी विंचरून ठेवल्यासारख्या दिसत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला, मग डाव्या. डॉक्टरांनी कंपवात सांगितला व त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. हे त्यांनी काल आपणास सांगितले नाही. ते कोणालाच सांगत नाहीत. लग्नकार्यात कोणी पाण्याचा ग्लास पुढे केला तर तहान नाही म्हणतात. काल पंचनाम्याच्या वेळी त्यांचा हात कापत होता तो भीतीने, असा आपला समज झाला आहे. डॉक्टरांच्या कागदांची झेरॉक्स मी जोडत आहे.

विमानाचा नाद त्यांना पहिल्यापासून आहे. वरून आवाज आला की जेवणाचे ताट सोडून ते गच्चीवर जातात. हाताला काहीतरी काम ठेवा, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर गेल्या वर्षी मे महिन्यात ते फोमच्या शीट घेऊन आले व रिमोटवर उडणारे विमान बनवायचे ठरले. म्हणजे त्यांनी ठरवले. माझा विरोध होता. आमचे डायनिंग टेबल तेव्हापासून आठ महिने आमच्या उपयोगाचे राहिले नाही, आम्ही खाली बसून जेवलो. याबद्दल मी त्यांना वेळोवेळी बरेच बोलले आहे.

फोम कापायचे काम त्यांनी स्वतः केले. ब्लेड दोन्ही हातांनी धरून, एकेक पट्टी तीन-तीनदा कापून. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत साडेचार फूट आहे. शेपटी ओढायच्या तारा सायकलच्या स्पोकपासून केल्या आहेत. पण वायरी जोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी डाग द्यायच्या तापलेल्या सोल्डरिंग गनने आधी वायर जाळली, मग टेबलावरचे मेणकापड, मग स्वतःचा अंगठा.  अंगठा भाजल्यावर ते नुसते विमानाकडे पाहत बसले. मी पोळ्या टाकत होते. गॅस बंद करून मी बाहेर आले आणि म्हणाले, "द्या इकडे."

त्यापुढचा प्रत्येक जोड मी दिलेला आहे. ते शेजारी खुर्चीत बसून सांगत व चष्म्याच्या वरून तपासत. माझे पहिले नऊ जोड त्यांनी नापास केले. "अहो बाई, हा नुसता वरून चिकटलाय. आतून धरलाच नाही. काढ, परत कर." एकोणतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या वह्या तपासत आले, माझी वही कोणी तपासायची मला सवय नव्हती. आमचे भांडणही झाले. पण दहावा जोड चकचकीत उतरला तेव्हा ते नुसते "हं" म्हणाले, आणि त्या "हं"चा मला इतका आनंद झाला की मी तो माझ्या बहिणीला फोन करून सांगितला. वायरी नीट पिळून, दोऱ्याने बांधून बसवल्या आहेत. विमान आपल्या ताब्यात आहे, वरचे झाकण काढून पाहावे.

सगळे जोडून झाल्यावर विमानाच्या नाकावरचा फिरता पंखा काढून ठेवून आम्ही बॅटरी लावली. मोटर उलटी फिरली. पती म्हणाले, तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल कर. मी केल्या, ती सुलटी फिरली. मग त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. टेबलावर विमान, पलीकडे मी, मध्ये काहीही नाही. मी अंगठा सरकवला आणि तिकडे शेपटी हलली. मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, टीव्हीचा रिमोट रोज वापरते. तरी ती शेपटी मी पंधरा-वीस वेळा हलवून पाहिली. मला खरेच वाटेना.

विमान पतीच उडवणार होते. त्यासाठी त्यांनी कॉम्प्युटरवर सरावाचा खेळ घेतला. पहिल्या दिवशी पडद्यावरचे विमान त्यांच्या बोटांबरोबर थरथरले आणि जमिनीत घुसले. अकरा वेळा घुसले. बाराव्या वेळी त्यांनी रिमोट खाली ठेवला व खुर्चीतून उठून मला म्हणाले, "बस इथं."

या कामात सगळे जिथे चुकतात ती जागा अशी, की विमान आपल्यापासून दूर जाते तोवर उजवे ते उजवेच असते. ते वळून आपल्याकडे येऊ लागले की त्याचा उजवा पंख आपल्या डाव्या हाताला येतो आणि माणूस गोंधळून उलट वळवतो. शिकणाऱ्यांची विमाने इथेच पडतात, असे पती सांगत. सरावात माझे एकदाही पडले नाही. त्यांना नवल वाटले, मला नाही. पहिलीच्या वर्गापुढे उभे राहून "उजवा हात वर" म्हणताना मी आयुष्यभर डावा हात वर केला आहे. मुले समोरून बघतात, त्यांना आरशासारखे दाखवावे लागते. आता मला सरळ उभे राहून उजवा वर करायला सांगितले तर एखादे वेळी चुकेन. माझ्या म्हणण्याची खात्री करायची असल्यास आम्हा दोघांच्या हातात रिमोट देऊन पाहावे.

काल रविवार दि. ०८ रोजी आम्ही दोघे सकाळी ६ वाजता रिक्षाने खडकमाळ येथील माळावर गेलो. द्राक्षबागांच्या अलीकडची ती जागा मोकळी आहे. विमान मुरमाच्या रस्त्यावर ठेवले. मी रिमोट घेऊन तीस पावले लांब गेले, शेपटी व पंखांच्या पट्ट्या बरोबर हलतात हे पतींनी ओणवे होऊन पाहिले. वारा नव्हता. ७ वाजून १२ मिनिटांनी मी गती वाढवली.

मुरमावर चाके खडखडली, मग खडखड थांबली. थांबली म्हणजे विमान जमिनीवर राहिले नाही, हे मला लगेच कळलेच नाही. बाजूच्या टेकडीमुळे आम्ही उभे होतो तिथे ऊन आले नव्हते. विमान वर गेले तसे त्याच्या पंखांवर ऊन पडले व ते एकदम पांढरे झाले. त्याच्या पोटातली वायर न् वायर मला पाठ होती. कुठला जोड दोनदा केला, कुठल्या वेळी आमचे भांडण झाले, सगळे. आणि ते सगळे तिथे वर चालले होते.  हे लिहायचे का, असे जबाब टाइप करणाऱ्या हवालदार साहेबांनी आता विचारले. मी लिहा म्हणाले.

मी डावीकडून मोठे वळण घेतले. एक घार आली व विमानाच्या बरोबरीने दोन फेऱ्या फिरली, मग तिच्या कामाला गेली. मला देवाधर्माचे फारसे नाही, पण मी त्या वेळी हात जोडले असते. हात मोकळे नव्हते. पती मागे घड्याळ धरून मिनिटे मोठ्याने सांगत होते. चौथ्या मिनिटानंतर त्यांचा आवाज यायचा थांबला. विमानावरून नजर काढायची नसते म्हणून मला वळता आले नाही, पण ते रडत होते हे मला माहीत आहे.

आठव्या मिनिटाला ते म्हणाले, "आठ झाली, उतरव." त्याच सुमारास पश्चिमेकडून वारा सुटला आणि विमान बागांच्या बाजूला सरकून उन्हात दिसेनासे झाले. "गती सोड, सरळ धर," पती म्हणाले. मी तसे केले. विमान अंदाजे अडीचशे मीटरवरच्या बागेवर, पाखरांसाठी घातलेल्या जाळीवर जाऊन बसले. जाळी फाटली नाही, एक घडही तुटला नाही.

बागेतून आरडाओरडा ऐकू आला. तेव्हा पतींनी माझ्या गळ्यातला रिमोट काढून स्वतःच्या गळ्यात अडकवला व माझ्यापुढे चालू लागले. "तुझी नोकरी आहे," एवढेच म्हणाले.

बागमालक भिमाजी कडलग यांनी विचारले, "कोण उडवित व्हतं हे? आमची घरं पाहून ठेवता का?" पती म्हणाले, मी. तिथे काम करणाऱ्या अक्काबाई यांनी शिडी लावून विमान जाळीवरून दोन्ही हातांनी उतरवले. त्या म्हणाल्या, "आवो, ह्याला क्यामेराच नाय. फवारणीचा ड्रोन आपण पाहतो की, हे तर पाखरावाणी गेलं." त्यावर कोणीतरी म्हणाले, "मग ह्याचा हात का कापतोय? लबाडी हाय म्हणूनच ना?" सगळ्यांनी पतींच्या हाताकडे पाहिले. त्यांनी हात खिशात घातला.

त्या वेळी मी बोलायला हवे होते. मी बोलले नाही. माझी पाच वर्षे नोकरी राहिली आहे, हेडमास्तर काय म्हणतील हे माझ्या मनात आले, आणि मी गप्प उभी राहिले. याची मला लाज वाटते. कडलग यांच्याविषयी माझी तक्रार नाही. महिनाभर गावात ड्रोनवाल्या चोरांची आवई आहे, त्यांच्या जागी मीही पोलिसांना फोन केला असता.

आज सकाळी चहा घेताना मी पतींना म्हणाले, मी जाऊन खरे सांगणार. ते म्हणाले, "कशाला? मला काय फरक पडतो? तुला पडेल." मी म्हणाले, तुमच्या हाताला लोक लबाड म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "जा. पण आठ मिनिटं म्हणून सांग. पाच-सात नको सांगूस."

परवानगी लागते हे आम्हाला माहीत नव्हते. माहीत करून घ्यायला हवे होते. जी काही कारवाई होईल ती माझ्यावर व्हावी व शाळेला कळवायचे असल्यास कळवावे. पतींच्या जबाबातला उडवल्याचा भाग खरा नाही, तो त्यांनी मला वाचवण्यासाठी दिला. त्यांनी मला शिकवले. त्याबद्दल गुन्हा असेल तर मला माहीत नाही.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "सदर वेळी मी पतीस विमान उडवण्यास मदत करत होते" असे टाइप झाले होते. बाईमाणसाचे असेच लिहितात, चालेल, असे ते म्हणाले. मी चालणार नाही म्हणाले. ते वाक्य खोडून तिथे "मी विमान उडवत होते" असे त्यांनी माझ्यासमोर हाताने लिहिले आहे. खाडाखोडीच्या जागी मी सही केली आहे. आता हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

जबाब देणार,
मंजुषा भारत पगारे