गाठीपर्यंतचं माप

लाल लोकरी मफलर. सोमवारची गाडी. थोरलीला लागलेली परगावची नोकरी. फर्निचरच्या दुकानात, बूट ठेवायच्या कपाटांपुढे, माझ्या शेजारी दोघी बहिणी.

“हे अरुंद घे. वीतभर खोल आहे, भिंतीला चिकटून बसेल. एकटीला तीन कप्पे पुष्कळ झाले.”

“नको ताई, ते रुंद घेऊ.”

“माझा पलंग आणि दार यांच्यामध्ये मावायला हवं ना? लाव मफलर. टोकापासून घरी मारलेल्या गाठीपर्यंत आपली भिंत.”

“हे बघ, बरोब्बर!”

“अगं, ओढतेयस तू!”

“ओढत नाहीये, सुरकुत्या काढतेय.”

“सोड बघू. बघ, चार बोटं कमी पडली.”

“मग पलंग सरकवू.”

“माझ्या पलंगाला हात लावायचा नाही.”

“कुणाच्या? तू तर सोमवारी चाललीस.”

“म्हणूनच विचारते, एवढे जोडे आणणार कुठून तू?”

“उजवीकडचे कप्पे तुझे.”

“माझे बूट मी घेऊन जाणार आहे, वेडाबाई.”

“आणि सुट्टीला आलीस की पाहुण्यासारखे दाराबाहेर काढणार?”





“ते दुसरं टोक दे इकडे. दोघी मिळून ओढू.”

“आणि घरी नाही मावलं तर?”

“तर सरकव माझा पलंग. पण चारच बोटं हं!”

दुकानात शिरताना दारातला माणूस मोजपट्टी देत होता. धाकटीने त्याला “आमच्याकडे आहे” असं सांगितलं होतं.