स्टेपनीच्या जागी पाण्याचा कॅन

(राधानगरीच्या धरणाजवळ रस्त्याकडेला बनाबाईंचं चहाचं हॉटेल. १९९६ चा डिसेंबर, संध्याकाळचे सव्वापाच. बाजूला मागचं चाक नसलेली एक स्कूटर विटांवर टेकवलेली.)

राजमती : मग फोन उचलला कुणी?

धनपाल : रूपालीनं. कधीपासनं वाजतोय म्हणून शेजारनं पळत आली म्हणे.

राजमती : आणि आव्वा?

धनपाल : आलीय जैन बस्तीतनं. विधानाची पूजा चारलाच संपली. हातपाय धुऊन पाटावर बसलीय.

राजमती : पाटावर बसल्यात.

धनपाल : ताट पुसून समोर ठेवलंय म्हणाली. दोनदा विचारलं म्हणे, राजमती कुठवर आली.

राजमती : तुम्ही काय सांगितलंत?

धनपाल : सांगितलं, मार्केट यार्डात आहोत, निघतोच आहे.

राजमती : अहो, इथनं कोल्हापूरचं मार्केट यार्ड पन्नास किलोमीटर आहे. आणि आपली स्कूटर विटांवर उभी आहे.

धनपाल : मग काय सांगायचं होतं? धरण बघायला गेलतो म्हणून?

राजमती : येत नाही एवढं तरी सांगायचं. येतो म्हटल्यावर त्या दाराकडं डोळे लावून बसणार. दिवस मावळेपर्यंत पाटावरनं उठणार नाहीत.

बनाबाई : वैनी, मगापासनं ऐकतीया म्हणून इचारते. म्हातारीला दोन घास घालाय घरात दुसरं कोण न्हाय व्हय? ती शेजारची पोरगी हाय की.

राजमती : घालायला आहे हो, पण घ्यायला त्यांनी हवं ना. आव्वांचा, म्हणजे आमच्या सासूबाईंचा, नियम आहे. दिवसात एकदाच जेवतात, पाणीही तेव्हाच. आणि तेही ज्यानं नियम पाळलेत त्याच्याच हातचं. घरात ती मी एकटी. रूपाली कांदा-बटाटा खाते, तिच्या हातचं त्यांना चालत नाही.

बनाबाई : मग सोताच्या हातानं कराया लावा.

धनपाल : चुलीला हात लावायचं तिनं सोडलंय. तेही नियमातच.

बनाबाई : लई अवगड हाय की वो तुमचं. मग ऱ्हातील येक दिस उपाशी. आमीबी ऱ्हातो की येकादशीला.

राजमती : कालच चतुर्दशीचा उपवास झालाय, बनाबाई. काल पाण्याचा थेंब नाही. आज दिवस मावळायच्या आत जेवल्या नाहीत, की उद्या सकाळपर्यंत काही नाही. मागच्या महिन्यात नुसत्या एका उपवासानंच मोरीत चक्कर येऊन पडल्या. डॉक्टर मला रागावले. म्हणाले, या वयात लागोपाठ दोन दिवस कोरडे गेले तर पुढचं माझ्या हातात नाही.

बनाबाई : वय किती?

राजमती : अठ्ठ्याहत्तर.

बनाबाई : अगं बाई.

धनपाल : केरबा येईल हो आता. चाक घेऊन जाऊन दोन तास होत आले.

बनाबाई : माजा दीर हाय, पावणं, सांगितलेलं काम टाकणार न्हाय. पर दुदाचा टेंपू हाय त्यो. पंक्चरवाला गावात न्हाय घावला तर फुडच्या गावाला गेला आसंल. दम धरा. पर येक सांगा, सगळ्यांच्या इस्कूटरला मागं स्टेपनी आसती. तुमच्या इस्कूटरला स्टेपनीच्या जागी पान्याचा कॅन कशाला?

धनपाल : ते आमच्या मंडळींना विचारा.

राजमती : मला कशाला? रिंग तुम्ही वेल्डिंग करून आणलीत.

धनपाल : कुणासाठी आणली? बाहेरचं पाणी चालत नाही, गाळून उकळलेलंच लागतं. कॅन मांडीवर घेऊन बसायचीस तू. जोतिबाच्या घाटात एकदा निसटला आणि तीन वळणं खाली गेला. तेव्हा म्हटलं, स्टेपनी काढून माळ्यावर टाकू आणि तिथं कॅन बसवू. सहा वर्षांत एकदाही पंक्चर झाली नाही.

राजमती : आज झाली.

बनाबाई : म्हंजे पानी हाय, चाक न्हाय.

राजमती : पाणी इथं आहे, हेच तर. आव्वांचं पाणी आहे ते. सकाळी उकळलं, ते सगळं या कॅनात ओतलं. म्हटलं, चारला परत येऊ, आडाचं ताजं काढून ठेवू. घरात त्यांना चालेल असं एक भांडंभर पाणी नाही. तेही मी इथं घेऊन आले, आणि मगाशी त्यातलंच तुम्हाला चहाला दिलं.

धनपाल : आता ते उगाळून काय होणार?

राजमती : काही नाही होणार. सहा वाजून पाच मिनिटांनी दिवस मावळतो. आता किती वाजले?

धनपाल : पाच पंचवीस.

राजमती : आत्ता चाक आलं तरी पोचत नाही आपण.

धनपाल : पन्हाळ्याला गेलो असतो तर चालत तरी उतरलो असतो. मी म्हणत होतो पन्हाळा.

राजमती : मीच डावा खांदा दाबला. कबूल आहे.

बनाबाई : आता ह्यो खांदा कसला?

धनपाल : आमचं ठरलेलं आहे. घरात काही ठरवायचं नाही. रंकाळ्याच्या कोपऱ्यावर स्कूटर हळू करायची. हिनं उजवा खांदा दाबला की पन्हाळा, जोतिबा तिकडं. डावा दाबला की इकडं. बोलायचं नाही.

राजमती : नेहमी त्यांचं जेवण झाल्यावर निघतो हो. साडेअकराला त्यांचं आटोपलं की पाचपर्यंत माझे हात मोकळे. आज बस्तीत विधान म्हणून जेवण संध्याकाळवर गेलं. पहिल्यांदा आधी निघालो.

धनपाल : तरी चार तास होते हातात.

राजमती : होते. आणि पावणेचारला कोल्हापूरची वडाप जीप थांबली होती.

धनपाल : त्यात एकच जागा होती.

राजमती : माझ्यापुरती होती.

धनपाल : मीच म्हटलं, थांब, चाक येईल, दोघं मिळून जाऊ. चूक माझी.

राजमती : तुम्ही म्हटलंत, पण मी कुठं उठले? ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, ताई येताय का. मी मान हलवली. मला उठावंसंच वाटलं नाही. तळ्यावर ऊन पडलं होतं, पाखरं उतरत होती. म्हटलं, अजून अर्धा तास. सात वर्षं झाली त्यांनी नियम घेतल्याला, सात वर्षांत एक रात्र मी घराबाहेर नाही. माहेरी भावाचं लग्न होतं तेव्हाही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. अर्धा तास जास्त बसले तर काय होतंय, असं आलं मनात. आलं ते आलं. आता त्या पाटावर बसल्यात.

धनपाल : राजी.

राजमती : मी जाऊन येते दूधसंस्थेत. पुन्हा फोन लावते.

धनपाल : काय सांगणार?

राजमती : येत नाही म्हणून सांगणार. कसं सांगायचं ते वाटेत बघते.

बनाबाई : हितनं सरळ जावा वैनी, कुत्रं हाय पर चावत न्हाय.

धनपाल : थांबली नाही बघा. पदर कमरेला खोचून निघाली.

बनाबाई : लई गुणाची हाय बाई. तुमीबी हौशी दिसताय, बायकुला घिऊन हिंडतायसा. आमच्या मालकानं मला बाजारापलीकडं कुटं न्हेलं न्हाय. ह्यो रस्ता रोज बगते, पर कोलापूर वर्साला येकदा.

धनपाल : लग्न झाल्यापासनं लागली ही खोड. आमच्या गुळाच्या दुकानात चार भाऊ, घरात अठरा माणसं होती तेव्हा. दोन शब्द बोलायचे तर रस्त्यावर बोलायचे. एकदा मिरजेला लग्नाला म्हणून गेलतो. स्टेशनात उतरलो, तर समोर बेळगावची गाडी लागलेली. ही म्हणाली, डबा रिकामा दिसतोय. बसलो.

बनाबाई : आन् लगीन?

धनपाल : लागलं असेल की. आम्ही बेळगावात किल्ल्यात हिंडलो आणि येताना कुंदा घेतला. घरी आल्यावर आव्वानं विचारलं, मिरजेत कुंदा कुठला? म्हटलं, आता मिळायला लागलाय. तिनं वाटीभर खाल्ला.

बनाबाई : भोळी हाय म्हातारी.

धनपाल : होती. तेव्हा घरभर हिंडायची. वडील गेले आणि तिनं एकेक सोडायला घेतलं. गोड सोडलं, चप्पल सोडली. मग चूल. आम्ही म्हटलं, चांगलंय, तिला समाधान मिळतंय. ते सगळं हिच्या अंगावर येणार, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मी आपला खांदे पुढं करून मोकळा.

बनाबाई : भाकरी टाकू का? ऊन हाय तंवर खाऊन घ्या. तुमच्यात राती खाईत न्हाईत न्हवं?

धनपाल : ती येऊ दे.

बनाबाई : आल्या बगा. हळूहळू येत्यात.

धनपाल : लागला का गं?

राजमती : लागला. आव्वांनीच उचलला.

धनपाल : आव्वानं? तिनं आजवर रिसीव्हरला हात लावला नाही.

राजमती : उलटा धरला असणार. आधी नुसता श्वास ऐकू येत होता. मग लांबनं आवाज आला, कोण, राजमती?

धनपाल : मग?

राजमती : मी वाटेत ठरवलं होतं, घराजवळच, शिरोलीत गाडी बिघडली म्हणून सांगायचं. पण त्यांनी कुठं आहेस विचारलं आणि तोंडातनं राधानगरीच निघालं.

धनपाल : खरं सांगितलंस.

राजमती : हो. वाटलं, आता रागावतील. मग म्हणाल्या, तळं भरलंय का?

धनपाल : तळं?

राजमती : मामंजी एकदा नेतो म्हणाले होते त्यांना. धरण दाखवतो म्हणून. त्या साली गुळाचा हंगाम लांबला आणि ते राहिलं. मग राहिलंच म्हणाल्या. मी सांगितलं, भरलंय, बांधाच्या वरपर्यंत पाणी आहे. पाखरं आहेत का विचारलं. म्हटलं, आहेत.

धनपाल : मला कधी बोलली नाही.

राजमती : तुम्ही कधी विचारलंत? मीही नाही विचारलं. म्हणाल्या, तुमच्या मिरजेच्या कुंद्यापासनं मला सगळं ठाऊक आहे. मी जेवण झाल्यावर लवकर आडवी होते, ते काय झोप येते म्हणून?

बनाबाई : आन् आपुन म्हणतोय भोळी.

धनपाल : पाण्याचं काय? पाण्याचं विचारलंस की नाही?

राजमती : पाया पडले फोनवर. म्हटलं, रूपाली आंघोळ करून, ओलेत्यानं आडाचं काढून उकळून देईल, एवढं एक दिवस घ्या. नाही म्हणाल्या. मी रडायला लागले, तर म्हणाल्या, नियम माझा आहे, तू का रडतेस?

धनपाल : आणि आवाज कसा होता?

राजमती : बारीक. मधे थांबत होत्या. जीभ टाळ्याला चिकटत असावी. शेवटी विचारलं, इथं सूर्य समोरच्या माडीआड गेला, तुमच्याकडं दिसतो का? मी म्हटलं, दिसतो, डोंगरावर हातभर आहे. म्हणाल्या, मग तुम्ही दोघं जेवून घ्या, रिकाम्या पोटी गाडी चालवू देऊ नको त्याला. मी आता उद्या. तेवढं बोलून फोन खाली ठेवला त्यांनी. कट झाला नव्हता, मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

धनपाल : रूपाली आहे ना तिथं?

राजमती : आहे. मी हाका मारल्या, मग तिनं घेतला. आपण येईपर्यंत जवळ बसते म्हणालीय. डॉक्टरांना सांगून ठेवते म्हणाली. पण डॉक्टर तरी काय करणार? सलाईन घेणार नाहीत त्या.

बनाबाई : भाकरी टाकलीया. पिटलं तुमच्याच पान्यात केलंया, कांदा न्हाय घातला. बसा.

धनपाल : बस राजी. तिनं सांगितलंय.

राजमती : बसते.

धनपाल : अगं, तुकडा तरी मोड.

राजमती : तुम्ही मोडा. मोडताय का?

धनपाल : नाही जात.

बनाबाई : दिस चालला बगा डोंगराआड. तुमचंबी न्हाय आन् म्हातारीचंबी न्हाय. आसं कसं वो?

धनपाल : कॅनात अजून अर्धं आहे. रात्रीत पोचलो तर सकाळी दिवस उगवला की पहिल्यांदा हेच पाणी देऊ तिला. उकळलेलं आहे, चोवीस तास चालतं.

राजमती : सकाळी सहाला उकळलंय. उद्या सहाला त्याची मुदत संपते.

धनपाल : मग?

राजमती : दिवस सातला उगवतो.

बनाबाई : न्हाई न्हाई, कॅन पालथा करून पानी हितं सांडू नगा वैनी. ठिवा कॅन. केरबाच्या टेंपूला लागंल, कुनाला लागंल. आवाज येतोय बगा. टेंपूच हाय. केरबाच त्यो. आलं वो चाक, पावणं, आलं चाक.

धनपाल : ऊठ राजी. पाना काढ डिकीतला. मी चाक घेतो. दहा मिनिटांत बसवतो, बघ.

राजमती : सावकाश बसवा. आता घाई नाही.